रविवारची गोळी आणि मोती

आमवातावरची मेथोट्रेक्झेटची गोळी मी आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री घेते. माझ्याच सांध्यांवर उलटलेली प्रतिकारशक्ती हे औषध आवरते आणि त्यामुळे जंतूंशी लढण्याचे बळही काहीसे कमी होते, हे डॉक्टरांनी समजावले तेव्हा आमच्या कुत्र्याला, मोतीला, गावी पाठवण्याचा विषय घरात निघाला. मी तो मान्य केला नाही. मात्र काही सवयी त्या दिवसापासून बदलल्या.

मोतीला मी आता तोंड चाटू देत नाही, आणि हाताला चीर पडलेली असेल तर हातही नाही. कुत्र्यांच्या तोंडात कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जिवाणू सहज आढळतो. निरोगी माणसाला त्याचा त्रास क्वचितच होतो, पण प्रतिकारशक्ती दबलेली असताना तो जखमेतून रक्तात गेला तर जिवावर बेतू शकते. मोतीची विष्ठा उचलण्याचे आणि पावसाळ्यात बाहेरून आल्यावर त्याचे पाय धुण्याचे काम मुलाने स्वतःकडे घेतले आहे. लेप्टोस्पायरोसिसची लस मोतीला दरवर्षी देतो, तरीही साचलेल्या पाण्यातून त्याला नेत नाही.

गेल्या वर्षी खेळताना त्याचे नख माझ्या मनगटाला लागले. ओरखडा किरकोळ होता, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले आणि मेथोट्रेक्झेट चालू असल्याचे आधी सांगितले. रेबीजची शंका असेल तर रक्त न आलेल्या ओरखड्याला एरवी लस पुरते, परंतु प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोतीचे लसीकरण पूर्ण असल्याने माझ्यावर ती वेळ आली नाही.

त्याच्यापासून मला असलेल्या धोक्याविषयी सगळे विचारतात. माझ्या औषधांपासून त्याला असलेल्या धोक्याविषयी कोणीच विचारत नाही, आणि मला तोच अधिक मोठा वाटतो. मेथोट्रेक्झेट कुत्र्याच्या आतड्यांना आणि अस्थिमज्जेला इजा करते. दुखण्यावर आपण सर्रास घेतो त्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनने त्याच्या जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एकदा सकाळी बोटे आखडलेली असताना माझ्या हातून डायक्लोफेनॅकची गोळी निसटली आणि मी वाकेपर्यंत मोती तिच्याजवळ पोहोचला होता. मुलाने ती वेळेवर उचलली. आता गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर असतो आणि मी ओट्याशी उभी राहून, ताटलीवर हात धरून, मोती दाराबाहेर असतानाच गोळी काढते.