सुतळीवरचं दार

मॉलच्या सरकत्या दारापाशी माझी पावलं कधी मंदावत नाहीत. दार बाजूला होणारच, ही खात्री. आणि ते होताना माझ्या तोंडून हळूच 'श्शूऽऽ' निघतं. परवा एका दुकानाचं दार बिघडलेलं होतं. नाक सडकून आपटलं. आतला वॉचमन जागचा न हलता म्हणाला, "काका, ते ढकलायचंय."

ही खोड 'स्टार ट्रेक'ची. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती अवकाशयानावरची अमेरिकन मालिका लागायची. इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही. टोकदार कानांचा स्पॉक कळायचा, आणि कळायची ती दारं. कॅप्टन कर्क नुसता चालत यायचा, दार आपलं आपण वाट करून द्यायचं! आमचं दार पावसाळ्यात असं फुगायचं की खांदा दिल्याशिवाय हलायचं नाही.

मग आम्ही स्वयंपाकघराच्या पडद्याला सुतळी बांधली. मी कॅप्टन. धाकटा भाऊ पिंपाआड बसून सुतळी ओढणार, 'श्शूऽऽ'ही त्यानंच करायचं. त्याची डुलकी लागली की मी पडद्यात गुरफटायचो, आणि आई पोळ्या लाटता लाटता दोघांनाही हाकलायची.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की कर्कची दारंही माणसंच ओढायची. सेटमागे कामगार उभे. त्यांची वेळ चुकली की नट दारावर आदळायचे. आवाज मागाहून चढवलेला. फसवणूक झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मालिकेवर जीव आणखीच जडला. तिथे सगळा मामला काटकसरीचा. दर भागात यान ग्रहावर उतरवणं परवडेना, म्हणून माणसं उभ्या उभ्या विरघळवून खाली पाठवायची युक्ती निघाली. एका भागासाठी मीठदाण्या आणल्या, त्या इतक्या अजब दिसायला लागल्या की मीठदाण्या म्हणून कुणी ओळखलंच नसतं. टाकतंय कोण? डॉक्टर मॅकॉयनं त्यांची शस्त्रक्रियेची हत्यारं केली. आमच्या आईला हे फार पटलं असतं.

१९६६ ते १९६९, अवघे ७९ भाग, आणि गाशा गुंडाळला. पण चाहते असे चिवट की १९७६ साली पत्रांचा भडिमार करून त्यांनी नासाच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइझ' हे मालिकेतल्या यानाचं नाव द्यायला लावलं. (ते शटल चाचण्यांपुरतंच उडालं, अवकाशात गेलंच नाही. दारासारखंच म्हणायचं.)

नाक शेकता शेकता भावाला फोन केला. दुकानातली फजिती सांगितली, सेटमागच्या माणसांचंही सांगितलं. म्हटलं, "बघ, तू करायचास तेच काम तिकडे लोक पगार घेऊन करत होते."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, त्यांना तरी कधी कॅप्टन केलं का रे?"