'मोबाइलवर होतं की सगळं!'

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. पुढच्या लग्नात कुणी पंगतीत गाठलं तर हेच पुढे करता येईल.

प्रश्न तुम्हाला माहीत आहेच. हल्ली मोबाइलवर इतकं छान रेकॉर्डिंग होतं, तरी गाणी रेकॉर्ड करायला मी पंखा बंद करून, गाद्या भिंतीला टेकवून, त्या लॅपटॉपसमोर घामाघूम होऊन का बसतो? साडू विचारतात, भाचे विचारतात. गेल्या महिन्यात सोसायटीच्या वॉचमननेही विचारलं, कारण त्याला मी दहा मिनिटं शिट्टी वाजवू नकोस म्हणून सांगून आलो होतो. आणि विचारणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक हसू असतं. ते हसू कशाचं आहे तेही मला कळतं. मावशीच्या रेकॉर्डिंगचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तसं तुम्हाला वाटतं.

आधी माझी बाजू.

फोन बोलण्यासाठी केलेला आहे. बोलणं थांबत-थांबत चालतं. सलग, न बदलता जे ऐकू येतं ते फोनच्या लेखी पंखा. म्हणून पुष्कळ फोन आणि जवळपास सगळी व्हिडिओ कॉलची ॲप्स तानपुरा गिळून टाकतात. लॉकडाउनमध्ये ज्यांच्या घरी गाण्याचे क्लास ऑनलाइन चालले त्यांना आठवेल: बाई तानपुरा लावून सा लावायच्या, पलीकडे दोन सेकंद सूर पोचायचा आणि मग त्याचं पाणी व्हायचं. झूममध्ये त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय शोधून चालू करावी लागते. शिवाय फोन आवाजाची पातळी आपल्या मनाने वर-खाली करतो. गाणारी श्वास घ्यायला थांबली की मागची खोली अंगावर येते, ती पुन्हा गायला लागली की खोली मागे जाते. काय ऐकण्यासारखं आणि काय कचरा, हे फोन तुम्हाला न विचारता ठरवतो. माझं भांडण तेवढंच आहे.

आता हेही सांगतो, की मी स्वतः ठरवायला गेलो तेव्हा काही फार दिवे लावले नाहीत. मी वापरतो त्या ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'नॉइज रिडक्शन' आहे. त्याला आधी नुसत्या गोंगाटाचा नमुना दाखवायचा असतो, मग तो सगळीकडून तेवढं वजा करतो. मी नमुना म्हणून गाण्याआधीचे पाच सेकंद निवडले. त्या पाच सेकंदांत तानपुऱ्याचं यंत्र चालू होतं. बटण दाबल्यावर पंखाही गेला, तानपुराही गेला, आणि गाणारीचा षड्ज असा खंगला की टायफॉइडमधून उठल्यासारखा. फोन जे करतो तेच मी केलं, फक्त तासभर जास्त घेऊन.

एकदा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने घेत राहिला आणि सॉफ्टवेअरमधलं प्रोजेक्ट 44,100 वर राहिलं. काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरून गाणारी गायिका रेकॉर्डिंग वाजवताना पांढरी सहा आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत जाऊन पडली, जिथे पेटीला पट्टीच नाही. दोन तास मी पेटीवाल्याला दोष देत होतो. एकदा भाच्याने रेकॉर्ड झालेला तबला हेडफोनवर ऐकत गायला सुरुवात केली आणि दर समेला मागे पडायला लागला. मी त्याला लयीबद्दल चार शब्द सुनावले. मग पाहिलं तर बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती नमुने साठवून मग पुढे सोडतो तो आकडा, 1024 वर होता: आवाज आत जायला 23 मिलिसेकंद, बाहेर यायला तेवढेच. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो. म्हणजे बिचाऱ्याचा तबलजी पंधरा-सोळा मीटरवर, जवळजवळ शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बसलेला होता. बफर 128 वर आणला, भाचा लयीत आला. त्याची माफी मागायची राहिली आहे.

आणि ती घूं. चार्जर लावला की हेडफोनमध्ये घूं, काढला की शांत. आमची बिल्डिंग जुनी; बोर्डाला तीन भोकं आहेत, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नव्हती. पन्नास हर्ट्झची ती घरघर काढायला मी महिनाभर सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावत बसलो होतो. वायरमनने वीस मिनिटांत अर्थिंग ओढलं.

असो. मावशी.

2018 च्या दिवाळीआधी मावशी आमच्याकडे डोंबिवलीला अकरा दिवस राहिली होती. वाईकडची, तेव्हा शहात्तर वर्षांची. लहानपणी जात्यावर बसलेली ही आमच्या घरातली शेवटची. तिच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या हे माझ्या डोक्यात दोन वर्षं होतं. मी नवा माइक घेतला, मागच्या खोलीत गाद्या उभ्या केल्या, आणि चार दुपारी तिला तिथे बसवलं. पंखा बंद. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार. बांगड्या वाजतात म्हणून मी तिला हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "सवाष्ण बाईला बांगड्या उतरव म्हणतोस होय रे?" शेवटी मनगटांवर रुमाल बांधले. भंगारवाला आला की थांब, कुकर झाला की थांब, खोकलीस, पुन्हा म्हण. ती म्हणत गेली. तीन तास दहा मिनिटं जमली.

त्याच काळात एके सकाळी ती स्वयंपाकघरात हिच्याबरोबर चकल्या पाडत होती, आणि पाडता पाडता आपल्या आपण गात होती. हिने फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून रेकॉर्डिंग चालू केलं. सहा मिनिटं. मी बाहेरून ओरडलो, "अगं, कुकर लावलायस त्यात कशाला?" तेही त्यात आहे.

जानेवारीत लॅपटॉप रडायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला फॉरमॅट मारावा लागेल, डेटा काढून ठेवलाय ना? मी म्हटलं, ठेवलाय. आणि मी खरंच ठेवला होता. पेन ड्राइव्हवर 'मावशी 1' ते 'मावशी 4' अशा चारही फायली नीट कॉपी केल्या होत्या, उघडून नाही, पण नावं मोजून.

जाणकारांना पुढचं कळलं असेल. ऑडॅसिटीच्या त्या वेळच्या आवृत्त्यांमध्ये प्रोजेक्टची फाइल म्हणजे नुसती यादी असायची. खरा आवाज शेजारच्या, नावापुढे 'डेटा' लागलेल्या फोल्डरमध्ये, साधारण सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत. तीन तासांचे जवळजवळ दोन हजार तुकडे, त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं. ते फोल्डर मी पाहिले होते. पेन ड्राइव्हवर टाकायला घेतले तर पट्टी पुढे सरकेना. उघडून बघितलं, हजारो बारक्या फायली. मला वाटलं सॉफ्टवेअरचा काहीतरी उष्टा-खरकटा पसारा असेल. कॉपी रद्द केली. 2021 मध्ये त्यांनी 3.0 आवृत्तीत सगळं एकाच फाइलमध्ये आणलं, पण दोष त्यांचा नाही. प्रोजेक्टबरोबर ते फोल्डर न्यायचं, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. मी मॅन्युअल वाचलं नव्हतं. सगळा आवाज एकत्र असलेली वेव्ह फाइल काढून ठेवायलाही हरकत नव्हती. पण एडिटिंग व्हायचं होतं ना अजून! खोकले काढायचे होते.

फॉरमॅटनंतर पहिली फाइल उघडली. खिडकी आली: आवाजाचे इतके इतके तुकडे सापडत नाहीत. खाली पर्याय होते. त्यातला एक असा, की हरवलेल्या आवाजाच्या जागी कायमची शांतता भरू का? मी बराच वेळ त्या वाक्याकडे बघत होतो. शेवटी फक्त या वेळेपुरती शांतता माना, असा जो पर्याय होता तो दाबला. ट्रॅक उघडला. लांबी बरोबर, 47 मिनिटं. माझी लेबलंही जागच्या जागी: 'इथे खोकला', 'बांगडी', 'हे पुन्हा घेतलं, दुसरं चांगलं'. आणि त्यांच्या वर एक सरळ रेघ.

फाइल 58 केबीची. ती नोटपॅडमध्ये उघडली तर यादी दिसली. दर तुकड्यापुढे त्याचं नाव, लांबी, आणि तीन आकडे: सर्वांत खालची पातळी, सर्वांत वरची, आणि सरासरी जोर. म्हणजे दर सहा सेकंदांना मावशी किती जोरात गात होती ते माझ्याकडे होतं, दशांशापुढच्या बऱ्याच घरांपर्यंत. काय गात होती ते नव्हतं.

मग मी त्याच डिस्कवर पुसलेल्या फायली शोधणारं फुकटचं एक रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. डिस्कवर नवं विंडोज बसलेलं, त्यामुळे फार काही उरलं नव्हतं. 31 तुकडे मिळाले. मूळ नावं गेलेली, क्रम गेलेला. एकात नुसता श्वास. एकात, "पाणी दे रे जरा." एकात अर्धी ओवी आणि रुमालाखालूनही वाजलेली बांगडी.

तेव्हा लक्षात आलं, की यादीतले आकडे आहेत. प्रत्येक तुकड्याची सर्वांत वरची पातळी मोजली आणि चारही याद्यांमध्ये शोधली. आकडा जुळला की तो तुकडा त्या जागेचा. तीन रात्री हेच. 22 तुकडे आपापल्या जागी जाऊन बसले. उरलेले नऊ माझ्याच पेटीच्या रियाजाचे निघाले. ते वाचले होते. तीन तास दहा मिनिटांच्या रेघेवर सव्वादोन मिनिटं मावशी, आणि मध्ये मध्ये कुठे चार, कुठे चाळीस मिनिटं काही नाही.

तुम्हाला जे माहीत होतं ते 'ह्याने उडवलं' एवढंच. हे 22 तुकडे मी कुणाला ऐकवलेले नाहीत.

मावशीला सांगितलं तेव्हा ती हसली. "परत म्हणते की, त्यात काय." पुढच्या वर्षी मी वाईला गेलो, माइक घेऊन. ती म्हणाली, "मागच्या वेळी काय म्हटलं होतं ते सांग, तसं म्हणते." मला सांगता येईना. जात्याशिवाय, पाडायला चकली नाही, समोर मी. तिने दहा-बारा म्हटल्या आणि म्हणाली, आता आठवत नाही. आठवत होतं. तिला कंटाळा आला होता. माझा.

मी स्वतःची समजूत घालत असे, की ओव्या काही हरवत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत, त्यांतल्या पुष्कळ आता कुणालाही वाचता येतात, काही ऐकताही येतात. मावशीच्या असतील त्यात. असतीलही. पण ओवीच्या शेवटी ती जो सूर किंचित उचलून सोडून द्यायची, तो नसेल. तो हिच्या फोनमध्ये आहे. सहा मिनिटांत अकरा वेळा.

म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर, असं म्हणू? म्हणवत नाही. फोनवर तिचा खालचा सूर जवळजवळ नाहीच. माझ्या 22 तुकड्यांत तो असा आहे की ती खोलीत बसल्यासारखी वाटते. पण माझ्या तुकड्यांत ती एकदाही हसत नाही, फोनवर तीनदा हसते. उकाड्यात, रुमाल बांधून, कोण हसेल? त्या वेळच्या मला आज कुणी समोर उभं केलं तर मी म्हणेन, अरे, पंखा लाव. तो म्हणेल, मग रेकॉर्डिंगमध्ये पंखा येईल. आणि येईलच की! त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, म्हणून मी अजून पंखा बंद करतो. एवढं मात्र केलं आहे, की आता गाणारी व्यक्ती म्हणेल तेव्हा चालू करतो आणि थांबत नाही, कुकर झाला तरी. आणि वेव्ह फाइल त्याच दिवशी दोन ठिकाणी.

ती सहा मिनिटं हवी असतील तर हिच्याकडे मागा, माझ्याकडे नको. माझ्याकडे त्या सहा मिनिटांच्या चार आवृत्त्या आहेत. एकीत मी कुकरची शिट्टी काढली आहे, आणि ती जिथे होती तिथे मावशीचा एक शब्द बोबडा झाला आहे. पाचवी करायला घेतली आहे.