पन्नास हर्ट्झचा मारिओ

मे महिन्यातली सावद्याची दुपार. पारा ४५ अंशांना टेकलेला, रस्त्यावर कुत्रंही नाही. केळी भरायला आलेला आयशर मागे सरकतो आणि त्याचा रिव्हर्स हॉर्न बेथोव्हेनची 'फ्युर एलिझ' वाजवायला लागतो. ड्रायव्हरला त्याचं सोयरसुतक नाही, भरणाऱ्या मजुरांनाही नाही. सूर चिरका, एका वेळी एकच, खाली ना खर्ज ना ठेका. ज्याने लहानपणी टीव्ही गेम खेळलाय, त्याचा अंगठा मात्र उगाचच वळवळतो.

हा आवाज त्या जुन्या टीव्ही गेमच्याच घराण्यातला. दारावरच्या बेलमध्ये आणि वाजणाऱ्या शुभेच्छापत्रांत असायची ती तीन पायांची यूएम६६, म्हणजे धून वाजवणारी चिप, दिसायला अगदी ट्रान्झिस्टर. आत जास्तीत जास्त ६४ सूर. ती चालते ३ व्होल्टवर. थेट ९ व्होल्ट दिले की संपली. पिझोची चकती, म्हणजे विजेने थरथरून वाजणारी, तिला सरळ जोडता येते, स्पीकर लावायचा तर मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर टाकावा लागतो. तिच्या ऑसिलेटरला, म्हणजे ठोका देणाऱ्या भागाला, वेळ नेमका राखणारं क्रिस्टल नाही, म्हणून सेल उतरला की धून रडायला लागते. ही चिप काढली तैवानच्या यूएमसी कंपनीने. आणि आपल्याकडच्या टीव्ही गेमच्या बऱ्याच डब्यांत जी चिप असे, तीही यूएमसीचीच, नाहीतर तिच्या चिपची नक्कल. मूळ मशीन जपानी निन्तेन्दो कंपनीचं, १९८३ सालचं फॅमिकॉम. ते आपल्या बाजारात कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही. आपल्याला भेटली ती त्याची डुप्लिकेट भावंडं, आणि एकात लाखभर गेम असल्याचं छापलेल्या पिवळ्या कॅसेटी.

फॅमिकॉमकडे आवाजाच्या वाटा पाच. दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी, एक नुसत्या खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. १९८५च्या 'मारिओ' या गेममध्ये संगीतकार कोजी कोंदोंनी पाचवी वापरलीच नाही. चाल आणि तिची जोडीदारीण चौकोनी लहरींवर, खर्ज त्रिकोणीवर, ठेका खरखरीवर. त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही. चालू किंवा बंद, बास. शिवाय उडीचा, नाण्याचा आवाजही याच वाटांनी जायचा. मारिओने उडी मारली की तेवढ्यापुरता एक सूर गप्प. चौघांच्या वाजंत्रीतला एक जण मध्येच पाहुण्यांना पाणी द्यायला उठावा, तसं. तरी गाणं मोडत नाही, कारण ते मुळात तेवढ्या धक्क्याच्या हिशेबानेच बांधलेलं.

खरी गंमत आपल्या डब्यांत होती. जपानी मशीन पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं काढायचं, आणि संगीताचा प्रोग्राम दर चित्रामागे एकदा चालायचा. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० हर्ट्झचा. म्हणजे जे गाणं तिकडे ६० सेकंदांत संपायचं, त्याला आपल्याकडच्या पाल डब्यावर ७२ सेकंद लागायचे. पट्टी मात्र जवळपास तीच राहायची, कारण सूर ठरतात चिपच्या घड्याळावर आणि यूएमसीने ते जपानी चिपच्या अगदी जवळ ठेवलं होतं: १.७९च्या जागी १.७७ मेगाहर्ट्झ. निन्तेन्दोच्या स्वतःच्या युरोपी मशीनचं घड्याळ १.६६वर आलं, तिथे सूर अर्ध्या पट्टीहूनही जास्त उतरले. नक्कल इथे अस्सलपेक्षा सुरेल निघाली!

दुसरा घोटाळा लहरीच्या रुंदीचा. चौकोनी लहर किती वेळ 'चालू' राहते यावर तिचा पोत ठरतो: निम्मा वेळ असली तर पोकळ, पाव वेळ असली तर नाकातली. यूएमसीच्या चिपमध्ये या दोन खुणांची अदलाबदल झाली. संगीतकाराने नाकातला आवाज मागितला की आपल्याला पोकळ ऐकू यायचा, आणि उलट. यूट्यूबवर मूळ मारिओ ऐकून 'हे जरा घाईत वाटतंय, आवाजही वेगळाच' म्हणणाऱ्याचे कान शाबूत आहेत.

यात खेड्यातल्या विजेची भर. डब्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर, त्याला ५ व्होल्ट द्यायला मागून निदान ७ लागतात. संध्याकाळी सगळ्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की ॲडॉप्टर त्याच्याही खाली यायचा, चित्र थरथरायचं आणि गाण्याखाली १०० हर्ट्झची घरघर सुरू व्हायची. घड्याळ क्रिस्टलवर, त्यामुळे चाल ढळायची नाही. फक्त तिला न मागितलेला तंबोरा मिळायचा. आतून आजीचा आवाज: "बंद कर रे ते, कान फुटी ग्यात मना!"

पुढचं भराभर घडलं. १९९०च्या सुपर फॅमिकॉममध्ये सोनीची ध्वनिचिप आली: आठ वाटा, पण सगळ्या वाद्यांच्या नमुन्यांना मिळून ६४ किलोबाइट जागा. प्रतिध्वनी हवा असेल तर तोही त्यातूनच कापून घ्यायचा. मग सीडी आली, मिनिटाला १० एमबी, आणि चिपने गाणं जागच्या जागी रचायची गरज उरली नाही. २००२च्या 'जीटीए व्हाइस सिटी' गेममध्ये तर गाडीत बसलं की थेट रेडिओ. जळगावपासून शहाद्यापर्यंतच्या सायबर कॅफेंत मिशन सोडून नुसती स्टेशनं बदलत फिरणारी पोरं असायची.

आता वाद्यवृंद खराखुरा असतो. २०२३पासून गेमच्या संगीताला ग्रॅमीत स्वतंत्र पुरस्कारही आहे. तंत्र म्हणाल तर एकच धून थरांत रेकॉर्ड करतात: तंतुवाद्यं वेगळी, ढोल वेगळे, पितळी वाद्यं वेगळी. शत्रू जवळ आला की वरचा थर उघडायचा. थरांची लांबी अगदी तंतोतंत सारखी नसली तर फेऱ्या होतील तसा ठेका घसरत जातो. कल्पना जुनीच. १९७८च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये चारच उतरते सूर होते आणि शत्रू कमी होतील तसे ते धावत सुटायचे.

पण यातलं गुणगुणता काय येतं? फारसं नाही, आणि तो संगीतकारांचा दोषही नाही. तेव्हाची मिनिटा-दीड मिनिटाची धून दिवसभर फिरायची, ती पक्की नसती तर लोकांनी डबा फोडला असता. आजच्या धुनेला कामच वेगळं दिलंय: लक्षात न येण्याचं. पबजीत तर विमानातून उडी मारल्यावर पार्श्वसंगीत नाहीच. पावलं ऐकायची असतात.

तो जुना, चुकीचा मारिओ पुन्हा हवा असेल तर मेसेन नावाचा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, घ्यावा. रीजनमध्ये 'डेंडी' निवडायचं. रशियात हे डबे त्या नावाने विकले गेले. मग आवाजाच्या सेटिंगमध्ये चौकोनी लहरींची रुंदी अदलाबदल करण्याचा पर्याय शोधून त्यावर टिचकी मारायची. हेडफोन टाळावेत, एखादा फुटका स्पीकर बरा. घरघर मात्र मिळणार नाही. ती सोय कोणी केलेली नाही.