होळी झाल्यावर

पहाटे नाटक संपतं, मी तोंडावरचा रंग पुसत असते, आणि गावातली एखादी मावशी मागच्या कनातीतून आत येते. हात धरते. म्हणते, "बाई, होळी झाल्यावर तुमी का करता जी?" आमच्याबद्दल लिहायला नागपूरहून येणारे लोकही हेच विचारतात, की नाटकं नसताना काय करता. घाईत दिलेलं उत्तर मला कधी पटलं नाही, म्हणून आज नीट सांगते.

झाडीपट्टीच्या नाटकांत मी एकोणीस हंगाम काम केलंय. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, हा आमचा धानाचा मुलूख. दिवाळीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते, धान घरात येतो, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. गावोगावची मंडळं गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांच्या ऑफिसात येऊन नाटक ठरवतात. तेव्हापासून होळीपर्यंत आम्ही रात्रीची माणसं. जेवणं आटोपल्यावर पडदा उघडतो, झोप गाडीत होते, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. पैसा नाईटवर, म्हणजे रात्रीच्या प्रयोगावर. नाईट नाही, तर पैसाही नाही.

मग होळी होते. मी मोहफुलं वेचते, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडते, पावसाळ्यात रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं लावायला, जाते. हे ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो. एवढी टाळ्या घेणारी बाई चिखलात! पण त्या मावशीला मला सांगायचं असतं ते इथूनच सुरू होतं.

आमच्या तालमी थोड्या असतात. रंगमंचाच्या पुढ्यात प्रॉम्प्टर बसतो. त्याचं वाक्य कानात घेत आपलं वाक्य बोलायचं, ही सवय अंगात मुरावी लागते. म्हणजे शब्द आयत्या वेळी मिळतात. चालणं, बसणं, आवाज फुटणं मात्र कुणी प्रॉम्प्ट करत नाही. ते मी बांधीतून, धानाच्या शेतातून, आणते. माझ्या शेजारी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावणारी एक म्हातारी आहे. ओळ संपली की ती एकदम उभी राहत नाही. आधी मूठ कमरेवर ठेवते, मग मान वर करते, आणि सगळ्यात शेवटी पाठ. पहिल्यांदा आईची भूमिका मिळाली तेव्हा मुलगा घर सोडून जातो त्या प्रवेशात मी तशी उठले. पुढे खाली बसलेल्या बायांमध्ये एकदम शांतता पसरली. त्यांनी ती पाठ ओळखली होती.

तरी पोटाचा प्रश्न खराच आहे, तो मला झाकायचा नाही. २०२० च्या दिवाळीनंतर करोनामुळे माझ्या हाती एकही नाईट आली नाही, तेव्हा मजुरीवर घर चाललं. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ च्या जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा हंगाम ऐन भरात होता. आम्ही मेकअपच्या खोलीत एकमेकींना मिठ्या मारल्या, आमची हिरोईन तर रडलीच. तो मान आमच्या सगळ्यांचा होता. पण आमच्यातल्या बहुतेकांचं नाव त्या रात्रीच्या पत्रकावरच राहतं. पन्नाशीनंतर सरकारकडून ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला ५००० रुपये मानधन मिळतं, त्यासाठी निदान पंधरा वर्षं कला केल्याचा पुरावा लागतो. आमच्या कंपनीतल्या एका म्हाताऱ्या तबलजींचं आयुष्य साथ करण्यात गेलं, आणि त्यांच्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. कुणी त्यांना कधी सांगितलंच नाही की जपून ठेवा.

तेव्हापासून मी प्रत्येक नाटकाचं पत्रक घरी आणते. नवीन पोरींनाही आणायला लावते, अगदी दोन ओळींचं काम असलं तरी. मृग लागायच्या आधी लोखंडी पेटीतली सगळी पत्रकं अंगणात उन्हात पसरते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर खडे ठेवते. ती म्हातारी येते, वाचता येत नाही तरी एकेक उचलून बघते आणि विचारते, "याच्यात तू कोण होतीस?"