झाडाचा घेर

प्लास्टिकचं ख्रिसमस ट्री वरच्या अंगाला देखणं असतं. चांदणी, रंगीत गोळे, घंटा, माळा. नजर खाली उतरली की मात्र तीन फताडे पाय दिसतात. काही घरांत अजून सुरूची फांदी आणून रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून रोवतात; तिथं तर डब्यावरचं कंपनीचं नावही वाचता येतं. हे सगळं झाकायला बुंध्याभोवती गोल कापड पसरतात. दुकानात त्याला ट्री-स्कर्ट म्हणतात, धुळ्यात आमच्या शेजारच्या ताई नुसतं ‘घेर’ म्हणतात.

ताई मूळच्या नवापूरच्या. महाराष्ट्र-गुजरातची सीमा ज्या रेल्वे स्टेशनातून जाते, ते नवापूर. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचं ताट येतं, त्यामुळे घेर करायला मी हजर असणं ओघानंच आलं. अट एकच, शिवायचं नाही. मला ही अट आळसाची वाटत नाही. सरळ कड कुणीही दुमडेल. गोल कड दुमडायला गेलं की कापड आतल्या बाजूनं चुण्या घेतं, आणि दर दोन बोटांवर कात दिल्याशिवाय ते सपाट बसत नाही. वर्षातून पंधरा दिवस जमिनीवर पसरायच्या वस्तूसाठी एवढं कोण करतं?

मग कापडच असं हवं, ज्याला दुमड लागत नाही. सुती कापड इथं हटकून दगा देतं, आणि त्यातही गंमत आहे. ताणा-बाण्याचं कापड गोल कापलं की सगळीकडून सारखं उसवत नाही. जिथं कड धाग्याला समांतर येते त्या चार दिशांना दशा लोंबतात, आणि मधल्या चार उपदिशांना, म्हणजे जिथं काप उरेप, धाग्यांना तिरका, पडतो तिथं, कड बरीचशी शाबूत राहते. फेल्टमध्ये ताणा-बाणा नसतोच; तंतू एकमेकांत दाबून, गुंतवून बसवलेले. फ्लीस विणलेलं असलं तरी कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत. डिसेंबरात आग्रा रोडला फ्लीसची पातळ ब्लँकेटं टांगलेली असतात. त्यातलं एक लाल उचललं. कापसाच्या मुलखात पॉलिएस्टर घेताना थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही.

चार फुटी झाडाला 36 इंच व्यासाचा घेर पुरतो. तेवढा चौकोन कापून त्याची आडवी-उभी अशी दोनदा घडी घालायची. घडीचा जो कोपरा कापडाचा मध्य असतो, तिथं सुतळीचं एक टोक अंगठ्यानं दाबून धरायचं, दुसऱ्याला खडू बांधायचा आणि 18 इंचांवर कमान मारायची. त्याच कोपऱ्यातून दीड इंचावर दुसरी, बुंध्यासाठी. दोन्ही कमानी कापून कापड उलगडलं की चकती तयार. मग एका घडीवरून बाहेरून मधल्या भोकापर्यंत सरळ चीर द्यायची. ही चीर भिंतीकडे ठेवायची, माळेची वायरही तिथूनच काढायची.

एवढ्यात माझ्या सासूबाई डोकावल्या. “हाई काय शे वं? झाडले परकर?”

ताई म्हणाल्या, “हो आजी, थंडी आहे ना.”

लेस आणताना शाळेतला पाय उपयोगी पडला. 36 गुणिले 3.14 म्हणजे 113 इंच, शिवाय चिरेच्या दोन कडा 33 इंच; चार मीटर लेस घेतली की काम भागतं. दुकानदार तीन मीटर पुरेल म्हणत होता. त्यानं चीर धरली नव्हती. गोंड्यांची लेस फॅब्रिक ग्लूनं लावली. साधा फेव्हिकॉल वाळल्यावर कडक होतो आणि कड उभी राहते. इस्त्रीनं चिकटणारी पट्टीही मिळते, पण गरम इस्त्री फ्लीसवर टेकवायची हिंमत करू नये, ते वितळतं.

युरोपात झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे, तेव्हा खालच्या कापडाला काम होतं. ठिबकणारं मेण आणि गळलेल्या सुया ते झेलायचं. 1882 मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं 80 विजेचे दिवे झाडावर लावले. पुढं मेणबत्त्या गेल्या. प्लास्टिकच्या झाडाच्या सुयाही फारशा गळत नाहीत. तरी कापड राहिलं, पाय झाकायला. आपल्याला हे नवं कुठं आहे? पलंगाखालच्या ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या दिसू नयेत म्हणून चादर एका बाजूनं जमिनीपर्यंत सोडायची पद्धत आमच्याकडे घरोघर आहे. पाहुण्यांना ट्रंका माहीत असतात, चादर तरी ओढून घ्यायचीच.

ताईंच्या मुलानं घेरावर बर्फ म्हणून कापूस पसरला, तोही मामाच्या शेतातला, सरकीसकट. काळे ठिपके असलेला बर्फ मी पहिल्यांदाच पाहिला.

चौकोनातून गोल काढला की पाचवा हिस्सा तरी कापड चार कोपऱ्यांत उरतं. सासूबाईंनी ते कोपरे गोधडीसाठी मागितले, बोटांत चोळून पाहिले आणि परत केले. “हाई नको. गोधडीले जुनं लुगडंच जोयजे.” ताईंनी ते गव्हाणीच्या देखाव्यात मेंढरांखाली अंथरले. हिरवळ लाल झाली, पण मेंढरांची काही तक्रार नव्हती.