जम्मू ते कांगडा: डोगरी ऐकत, तुर्की आठवत

जम्मूच्या रघुनाथ बाजारात एका गाडीवर कलाडी परतत होती. उधमपूर-रामनगरकडचं हे चीज स्वतःच्याच तुपात बाहेरून खरपूस होतं आणि आतून तार सुटेल इतकं मऊ राहतं. कुलच्यात भरून देता देता गाडीवाले काका घरच्या गप्पा मारत होते. माझे कान मात्र त्यांच्या डोगरी भाषेतल्या 'घर'वर अडकले. लिहायचं घर, पण ऐकू येतं 'कर'सारखं, तेही सूर खाली नेऊन. 'घोडा'सुद्धा तसाच 'कोडा'कडे झुकतो. आपला ठसठशीत 'घ' इथे सुरात विरघळून गेलाय. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारत राहिले, काकाही हौसेने म्हणून दाखवत राहिले.

तेव्हा तुर्कस्तानातलं त्राब्झोन आठवलं. इस्तंबूलमध्ये 'ये'ला 'गेल' म्हणतात. काळ्या समुद्राच्या त्या आग्नेय किनाऱ्यावर चहावाला 'जेल, जेल' म्हणत बोलावतो. शाळेत आणि बातम्यांत मात्र इस्तंबूलचीच तुर्की. १९२८ साली लॅटिन लिपी आली, १९३२ साली भाषासंस्था निघाली, म्हणजे प्रमाणभाषेच्या पाठीशी अख्खं सरकार उभं होतं.

डोगरीला इतकं बळ मिळालं नाही. एकोणिसाव्या शतकात महाराजा रणबीरसिंहांनी टाकरी लिपीतून सुधारलेली डोगरा अक्षरं दरबारात आणली, पण ती टिकली नाहीत. आज डोगरी देवनागरीत लिहितात. साहित्य अकादमीची मान्यता १९६९ची, संविधानाच्या आठव्या अनुसूचीत जागा थेट २००३ साली. २०११च्या जनगणनेत सुमारे २६ लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. इतकी माणसं बोलत असताना एवढी वाट पाहायला लावणं मला अन्यायाचंच वाटतं.

पठाणकोट, नूरपूर करत बसने हिमाचलमधल्या कांगड्याकडे निघाले, तसे बोलण्यातले शब्द हळूहळू बदलू लागले. जम्मूत 'मला' म्हणजे 'मिगी', इकडे 'मिंजो'. 'सोबत' या अर्थाचं 'कन्ने' मात्र दोन्हीकडे तेच. कान सरावले की कांगडी आणि डोगरी सख्ख्या बहिणी आहेत हे कुणालाही कळेल. जनगणनेत मात्र डोगरीचा स्वतंत्र रकाना आणि कांगडी हिंदीच्या पोटात! शेजारच्या आजींना विचारलं, "तुम्ही बोलता ती भाषा कोणती?" त्या म्हणाल्या, "पहाडी." मागच्या सीटवरून कुणी म्हणालं, "कांगडी." हिंदीचं नाव बसमध्ये कुणीच घेतलं नाही.