अठराची चकती काढून बावीसची

पोवई नाक्यावरून राजवाडा आणि पुढे समर्थ मंदिर असा रस्ता ज्याने सायकलवर काढलाय, त्याला साताऱ्याचा चढ समजावून सांगावा लागत नाही. माझ्याकडे सासऱ्यांची इंग्लिश रॅले आहे, मागच्या चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, म्हणजे हबच्या, पोटातच तीन गिअर असलेली. पहिल्या गिअरवरसुद्धा शेवटच्या टप्प्यात मी उतरून सायकल ढकलायचे. तिसरा गिअर तर उतार आणि पाठीवर वारा, दोन्ही असतील तरच कामाचा. म्हणजे तिनातला एक निव्वळ शोभेचा.

हबवर कंपनीचं नाव स्टर्मी-आर्चर, मॉडेल एडब्ल्यू, आणि शेजारी ६४ व ५ असे आकडे ठोकलेले आहेत. म्हणजे १९६४ च्या मे महिन्यातला माल. हे मॉडेल १९३६ पासूनचं. आत मधल्या दातेरी चाकाभोवती चार छोटी चाकं फिरतात. दुसऱ्या गिअरला हब चकतीबरोबरच (चेन जिच्यावर चढते ते मागचं दातेरी चाक) फिरतो, पहिल्याला २५ टक्के हळू, तिसऱ्याला ३३ टक्के जोरात. हे अंतर आतल्या दात्यांनी ठरवून टाकलंय, त्यात फेरफार नाही. आपल्या हातात राहतं ते बाहेरचं: पुढे किती दाते आणि मागे किती. मागची चकती मोठी केली की तिन्ही गिअर एकदमच हलके होतात.

चौकातल्या सायकलवाल्या काकांना हे पटेना. “ताई, गिअर बदलायचा म्हणजे आख्खा हब खोलायचा. आणि ह्यो खोलला तर परत बसंल का नाय, सांगता येत नाय.” मग त्यांच्याच बाकड्यावर खडूने हिशेब मांडला. पुढचे ४६ भागिले मागचे १८, गुणिले चाकाचे २६ इंच, आले ६६. हा दुसरा गिअर; आकडा जितका लहान तितका गिअर हलका. त्यावरून पहिला ५०, तिसरा ८९. मागे २२ दाते घातले तर हेच आकडे ४१, ५४ आणि ७२ होतात. नवा तिसरा जुन्या दुसऱ्याच्या जरासाच वर. म्हणजे गमवायचा तो एकटा ८९ चा, जो मी वापरतच नव्हते. काकांनी खडू हातात घेऊन आकडेमोड एकदा स्वतः करून बघितली, मग चहा मागवला.

पुढचं चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चाक, लहान करूनही हेच साधतं. पण माझ्या रॅलेचं चेनव्हील उजव्या क्रँकलाच, म्हणजे पायडलच्या दांडीलाच, पक्कं आहे. ते बदलायचं तर क्रँक अडकवून ठेवणारी, साठ वर्षं गंजलेली कॉटर पिन ठोकून काढा आणि नवा क्रँक शोधा. शिवाय त्या चेनव्हीलमध्ये बगळे कोरलेत. ते मला काढायचे नव्हतेच.

खरी अडचण चकतीची. आतून तीन खाचांवर बसणारी बावीस दात्यांची चकती इथे कुठल्या दुकानात मिळेना. शेवटी इंग्लंडहून येणाऱ्या मावसभावाच्या बॅगेतून आली. स्टर्मी-आर्चर मूळची नॉटिंगहॅमची, पण २००० साली ती तैवानच्या सनरेसकडे गेली, तरी खाचा त्याच राहिल्या. शिमानो कंपनीच्या नेक्सस हबची तीन खाचांची चकतीसुद्धा या हबवर बसते. फार जुन्या हबवर मात्र चकती आट्यांवर फिरवून बसवलेली असते, तेव्हा मागवण्याआधी आपली कुठली ते बघून घ्यावं.

चाक काढणं सोपं. गिअर तिसऱ्यावर टाकून केबल सैल करायची, हबमधून निघणारी बारकी साखळी सोडवून हलक्या हाताने उलटी फिरवून बाहेर घ्यायची, मग नट. नटाखालचे दात असलेले वायसर जपून ठेवावेत. एक्सल जागच्या जागी फिरू नये म्हणून ते असतात.

चकती एका गोल स्प्रिंगच्या कडीने अडवलेली असते. तिच्या फटीत बारीक स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायची, पण आधी वरून फडकं धरायचं, नाहीतर ती दुकानापलीकडच्या गटारात सापडते. कडी निघाली की चकती नुसती उचलून घ्यायची. खाली दोन पातळ चकल्या आणि धुळीचं झाकण. त्यांचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवला, कारण चकती बशीसारखी खोलगट असते आणि ती उलटी पडली किंवा चकली इकडची तिकडे झाली की चेन तिरकी धावते. नवी चकती बसवल्यावर कडी खाचेत पूर्ण बसली ना, हे काकांनी नखाने सगळीकडून फिरून पाहिलं.

चेनची गंमत नंतर कळली. दाते चार वाढले तरी चेन चकतीच्या साधारण निम्म्याच घेराला लागते. त्यामुळे भर पडते दोनच कड्यांची, बरोबर एक इंच, आणि चाक होतं त्याच जागी बसतं. माझी जुनी चेन झिजून बारा इंचांत अष्टमांश इंच लांबलेली होती, म्हणून नवीच घातली. कापताना लांबी नाही, जुन्या चेनच्या कड्या मोजल्या आणि दोन जास्त ठेवल्या. चेनची टोकं जोडणाऱ्या चेनलॉकचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला.

मग केबल. गिअर दुसऱ्यावर ठेवून उजव्या नटाच्या भोकातून आत बघायचं. बारक्या साखळीच्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी सपाट दिसला की झालं. यात हयगय नको, कारण दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे एक पोकळ जागा असते. चढावर उभं राहून जोर लावला आणि हब नेमका तिथे गेला तर पायडल एकदम रिकामं खाली जातं.

आता समर्थ मंदिरापर्यंत बसूनच जाते, पहिल्यावर, सावकाश. सपाटीला तिसरा लागतो, तोही रोज. कासच्या वाटेवरचा यवतेश्वर घाट मात्र या हबचं काम नाही, निदान माझ्या पायांनी तरी. आणि हबच्या तेलाच्या भोकात काकांनी ग्रीस भरायला घेतलं होतं ते थांबवलं: ग्रीसने आतले खटके चिकटतात. पातळ तेलाचे चार थेंब पुरतात, अधूनमधून.